हाक कोणी मारायची

हृदयाचे डॉक्टर दोन प्रकारचे. एक, तुंबलेली नळी मोकळी करणारे. त्यांचा पेशंट चौथ्या दिवशी पेढे घेऊन येतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. दुसरे माझ्यासारखे. आमच्याकडे पार थकलेली हृदयं येतात, आणि एकदा आलेला माणूस जन्मभर आमच्याच मागे असतो. जेवायला बसलं की फोन: "म्याडम, लोणचं चालते का?" नाही चालत. वीस वर्षं सांगून राह्यली, नाही चालत.

मी डॉक्टर धम्मदीपा, मूळची केनवडची. नागपुरात मला लोक गोड बोलणारी समजतात. डोकं फिरलं की मात्र माझी वऱ्हाडी बाहेर पडते. शेलूबाजारच्या माणिकरावांनी ती जितक्या वेळा बाहेर काढली तितकी कोणीच काढली नसेल.

माणिकराव एसटीतले रिटायर कंडक्टर. पलंगावरून मोरीपर्यंत जायचं तर मध्ये बसावं लागे. औषधं करून थकलो, तेव्हा एकच उपाय उरला, हृदयाला पंप. मुठीएवढा पंप छातीत बसवायचा, तो रक्त ढकलणार. त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेच्या पट्ट्यावरच्या डबीला लागते. डबी चालते दोन बॅटऱ्यांवर, त्या रोज चार्ज करायच्या. बॅटऱ्या संपल्या की माणूस संपला, इतकं साधं आहे ते.

आमच्या दवाखान्याच्या कमिटीनं नाक मुरडलं. खेड्यात लाईट असते का, म्हणाले. मी भांडले. शेजारी जनरेटर आहे, घरातली दोन माणसं मी तयार करते, जबाबदारी माझी, असं बोलून बसले. हा माणूस घरी नीट राहिला तर अशाच पंपासाठी थांबलेल्या मानोऱ्याच्या एका बाईची फाईल पुढे सरकणार होती. नाही राहिला तर मला पुन्हा तोंड उघडायची सोय नव्हती.

जनरेटर खरंच होता. माणिकरावांचा धाकटा भाऊ जगदेव भिंतीला भिंत लागून राहायचा, त्याचा मंडप आणि डीजेचा धंदा. फक्त दोघा भावांचा नऊ वर्षांपासून अबोला आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

जगदेवच्या पोराच्या वरातीत डीजे एवढा दणाणला की माणिकरावांनी भर सोयऱ्यांसमोर जाऊन त्याची लाईटची पिन उपटली. वरात ठप्प. नवरदेव घोड्यावर तसाच ताटकळला. त्या दिवसापासून हे दोघं बकरीमार्फत बोलत. जगदेव अंगणात उभा राहून म्हणे, "चंपे, नळ आला, कोणाले भराचं असन तं भरा." भिंतीपलीकडून माणिकराव म्हणत, "चंपे, आमाले कान हायेत." लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं बिचारी बकरी बोलणी खात होती.

ट्रेनिंगला माणिकरावांची बायको भागिरथाबाई आली, आणि दुसरा माणूस म्हणून दिराला ओढून घेऊन आली. जगदेव हाताचा पक्का. एका वेळी एकच बॅटरी काढायची, दुसरी चालू ठेवायची, हे एकदा दाखवलं आणि त्याला आलं. घोडं अडलं ते पुढे.

"पंपवाल्या माणसाची नाडी बहुतेक लागत नाही," मी सांगितलं. "पंप रक्त सलग ढकलतो, ठोके देत नाही. म्हणून बॅटरी उतरून डबीचा अलार्म वाजला की मनगट धरून बसायचं नाही. आधी हाक मारायची. उत्तर आलं म्हणजे माणूस शुद्धीत आहे."

जगदेव जमिनीकडे पाहत म्हणाला, "हाक वहिनी मारते."

"वहिनी घरी नसली तर?"

"तं मंग तुमाले फोन लावतो."

पलंगावरून माणिकराव म्हणाले, "म्याडम, तो लहान हाय. पयले त्यानं बोलाव."

"पिन कोणं उपटली होती, विचारा त्यायले," जगदेव मला म्हणाला.

मी दोघांनाही असं झापलं की नर्स दार लावून घ्यायला आली. फरक काडीचा पडला नाही.

ऑपरेशन झालं. माणिकराव घरी गेले, चालू लागले, पिशवी घेऊन बाजार करून आले. गावकरी त्यांचं मनगट धरून पाहत आणि ठोका नसलेला माणूस भाजीचा भाव करतो म्हणून हैराण होत. कमिटी गप्प होती. मी हवेत होते.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी, ओपीडी गच्च भरलेली असताना जगदेवचा फोन आला. "म्याडम, डबी पीपी करून राह्यली. वहिनी मंगरुळले लग्नाले गेली."

"बॅटरी बदल."

"बदलल्या दोनी. आवाज थांबला. पण हे हालत नाहीत. तोंडावर दुपट्टा घेऊन पडले. नाडी बी नाही लागत."

"नाडी नसतेच, तुले सांगितलं होतं. छातीले कान लाव."

"गुणगुण येते."

म्हणजे पंप चालू होता. पंप चालू असून माणूस हलत नाही, तर मेंदूत रक्ताची गाठ गेली असावी. या पंपाचं मला तेच सगळ्यात जास्त भ्या वाटतं. मी अँब्युलन्स धाडायला सांगितली आणि म्हटलं, "हाक मार."

"तुमीच मारा. मी फोन त्यायच्या कानाले लावतो."

मग मी सगळ्या पेशंटांसमोर फोनमध्ये ओरडले, "माणिकराव, ओ माणिकराव." काही नाही. पुन्हा ओरडले. काही नाही.

"जगदेव, इथं तुही बकरी कामाची नाही. तू मार हाक. काहून मुक्यासारखा उभा हाय?"

मग अगदी बारीक आवाजात, "दादा."

मग जरा मोठ्यानं, "दादा, ऊठ ना." आणि मग बांधच फुटला. "दादा, माह्या साऱ्या डीजेच्या पिना काढ, पण ऊठ रे. मी एकटा काय करू?" फोन हातातून पडला असावा, तरी रडणं स्पष्ट ऐकू येत होतं. माझ्यासमोरची म्हातारी पेशंट डोळ्याला पदर लावून बसली. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

मग खाट करकरली. माणिकरावांचा आवाज आला, "बोंबलतो काहून? ऐकू येते मले."

मी जगदेवला फोन त्यांच्या हाती द्यायला लावला. "माणिकराव, जागे होते तुमी?"

"पीपी सुरू झाली तवापासून."

"बॅटऱ्या उशाशी असून हात नाही लावला? मी दोनदा घसा फोडला, उत्तर काहून नाही दिलं?"

"तुमी तं रोजच बोलता, म्याडम."

मग माझी वऱ्हाडी सुटली. काय काय बोलले ते इथं सांगत नाही, ओपीडीतल्या लोकांना अजून आठवतं. शेवटी धापा टाकत विचारलं, "अन् तो आलाच नसता तं?"

"माह्या घरात पीपी वाजली अन् जगदेव आला नाही, असं होते का कुठी?" ते म्हणाले. "त्याच्या येण्याचा सवालच नोयता. त्यानं हाक माराचीच बाकी होती."

पुढच्या मिटींगला कमिटीनं विचारलं, शेलूबाजारला तयार केलेल्या दुसऱ्या माणसाला सगळं नीट येतं ना. मी म्हटलं, आता येतं. मानोऱ्याची फाईल काढा.