धोंडीराममामांचा जबाब

दीक्षाने मीटिंग रूमचं दार लावून घेतलं आणि धोंडीरामसमोर पाण्याचा ग्लास सरकवला. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. डाव्या हाताने त्याने ग्लास उचलला, पण प्यायला नाही.

"मामा, आधी एक सांगते. मी कंपनीची विधी अधिकारी आहे. तुमची वकील नाही. तुम्ही जे सांगाल ते उद्या तुमच्याविरुद्धही वापरलं जाऊ शकतं. बोलायचं नसेल किंवा स्वतःचा वकील करायचा असेल, तर आपण इथंच थांबू."

हे बोलणं ती गेल्या महिन्यात पुण्यात शिकली होती. कंपन्यांमधल्या वकिलांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. तिथे आळीपाळीने एकाने कामगार व्हायचं आणि दुसऱ्याने हे वाक्य म्हणायचं. सगळे हसत होते. तिला तिथे पाठवलं होतं सौमित्र सरांनी. ते विधी विभागाचे प्रमुख. पाच वर्षांपूर्वी वकिलीची सनद स्थगित करून ती या फाउंड्रीत नोकरीला लागली, तेव्हापासून त्यांनीच तिला घडवलं होतं. करार शेवटच्या पानापासून वाचायचा, ई-मेलमध्ये मत लिहायचं नाही, घडलं तेवढंच लिहायचं.

"म्हाईत हाय की," धोंडीराम म्हणाला. "लिही. क्रेन मी चालवत हुतो. चूक माझी."

मंगळवारी सकाळी क्रेनचा ब्रेक सरकला होता. वितळलेल्या लोखंडाचं भांडं कलंडलं आणि खाली उभा असलेला गुंडू गेला. तो सव्वीस वर्षांचा होता. सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होता.

"ब्रेकचं काय, मामा?"

"ब्रेक चांगला हुता."

"मी आज सकाळी देखभालीचं रजिस्टर पाहिलं. ब्रेक धरत नाही म्हणून तीनदा तक्रार आहे. अक्षर तुमचं आहे."

धोंडीरामने ग्लास खाली ठेवला. बराच वेळ तो पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचत राहिला.

"शालनला कँटीनात कायम करणार हायत," तो शेवटी म्हणाला. शालन ही गुंडूची बायको. "दोन ल्हान पोरं हायत तिला. काल एचआरच्या वर्षाराणी मॅडम घरी आलत्या. प्रकरण निवळलं की लगेच करतो म्हणल्या."

"कागद दिला?"

"शब्द दिलाय."

"मामा, शालनला भरपाई कायद्यानेच मिळणार आहे. चूक कुणाचीही असो. त्यासाठी तुम्ही हे अंगावर घ्यायची गरज नाही."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, हा सल्ला आपण कंपनीच्या खुर्चीत बसून कामगाराला दिला.

"भरपाई एकदा येती. नोकरी रोज असती," धोंडीराम म्हणाला. "माझं वय झालं पंचावन्न. पोरगी सासरी नांदती. मला काय हुतंय?"

"गुन्हा दाखल होईल. शिक्षा होऊ शकते."

"गुंडूला गावातनं मीच आणलतं. त्याची आय नको म्हणत हुती." त्याने डाव्या हाताने तिच्या लॅपटॉपकडे खूण केली. "तू लिही, पोरी."

दीक्षाने लॅपटॉप मिटला. "दहा मिनिटं बसा," म्हणाली, आणि सरांच्या केबिनकडे गेली.

सौमित्र सरांनी फाइलमधून मान वर केली. दाढी वाढली होती. मंगळवारपासून ते धड झोपलेले दिसत नव्हते.

"झाला जबाब?"

"नाही. शालनच्या नोकरीचं त्यांना तोंडी कबूल केलंय. ते आधी लेखी द्यावं, सर. आणि ब्रेकचं जबाबात यायला हवं."

"लेखी दिलं तर इन्स्पेक्टर त्याला आमिष म्हणेल. माझ्या जागी तू असतीस, तर दिलं असतंस?"

तिने खोटं सांगितलं नाही. "नसतं दिलं."

"मग?"

"मग तोंडीही द्यायला नको होतं."

सर खिडकीकडे पाहू लागले. खाली शेडच्या तोंडाशी राखेचे ढीग होते, आणि जळालेल्या जागेवर कुणीतरी ताडपत्री टाकली होती.

"कारखान्याचा मॅनेजर म्हणून मालकांच्या मुलाचं नाव नोंदलेलं आहे," ते म्हणाले. "ब्रेकचं लिहिलं तर गुन्हा त्याच्यावर जाईल. तू जेवून घे. पुढचं वर्षाराणी बघतील."

ती धावत परत आली. धोंडीराम गेला होता. वर्षाराणी मॅडम टेबलापाशी उभ्या राहून कागद सरळ करत होत्या.

"मामा बस पकडायला गेले. बरं झालं, तुम्ही आलात. फक्त तुमची सही राहिलीय."

एकच पान होतं. ब्रेक सुस्थितीत होता. भोंगा न वाजवता क्रेन पुढे नेली, ही सर्वस्वी माझी चूक. खाली डाव्या हाताने केलेली सही, 'राम' पाशी कागद फाटेपर्यंत दाबलेली. तिच्याखाली टाइप केलेलं: 'समक्ष, दीक्षा कुरणे, विधी अधिकारी.'

दीक्षाने पेन उघडलं. आपल्या नावाच्या वरच्या रिकाम्या जागेत तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'हा जबाब माझ्यासमक्ष झालेला नाही. ब्रेकबाबतच्या तीन तक्रारी मी रजिस्टरमध्ये आज पाहिल्या आहेत.' मग सही, तारीख, वेळ.

वर्षाराणी मॅडमनी वाचलं. "हे काय केलंत?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. दीक्षाने कागद उचलला आणि स्वतःच सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

सरांनी चष्मा काढला. "हा फाडून दुसरा करता येतो, ठाऊक आहे ना?"

"हो सर. त्यावर माझी सही नसेल. आणि इन्स्पेक्टरनी मला विचारलं तर मी हेच सांगेन."

त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये सारला.

सोमवारी इन्स्पेक्टर आला तेव्हा देखभालीचं रजिस्टर टेबलावर होतं. ते सौमित्र सरांनीच तिथे आणून ठेवलं होतं. जबाबाचा कागद मात्र कुणीच काढला नाही. गुन्हा मॅनेजरवर दाखल झाला. धोंडीरामचं नाव साक्षीदारांत गेलं. पुढच्या महिन्यात सर निवृत्तीचा अर्ज देऊन मोकळे झाले, आणि दीक्षाचं टेबल मागच्या इमारतीत हललं. तिथे तिला जुने करार स्कॅन करायचं काम होतं.

एका दुपारी धोंडीराम तिच्या दारात येऊन उभा राहिला. पट्टी निघाली होती. हाताची कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसत होती.

"बसा मामा."

तो बसला नाही.

"शालन गेली आज म्हायेरी. पोरास्नी घेऊन. कँटीनचं आता कुणी नाव काढंना."

दीक्षाने हातातलं पान स्कॅनरच्या काचेवर ठेवलं.

"भरपाईचा अर्ज..." ती म्हणाली.

"समदी म्हणत्यात, दीक्षाबाईनं सोडवलं तुला." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी कवा म्हणलतो, सोडव म्हणून?"

ती उठून उभी राहिली. तो मात्र वळला होता, आणि भाजलेला हात शर्टाला लागू नये म्हणून अंगापासून लांब धरून पायऱ्या उतरत होता.