नऊ आणि अडतीस

"नऊ नंबर आज फोटोला. अडतीस कपाटात ठेव, ऑगस्टमध्ये लागेल," कोच ड्वेन म्हणाला आणि मॉरिसच्या डब्यातलं बिस्कीट न विचारता उचललं.

दोन्ही जर्स्या टेबलावर होत्या. दोन्हींच्या पाठीवर एकच आडनाव, मॉरिसनेच सोमवारी सकाळी शिवलेलं. एका पोराला दोन जर्स्या हा या खात्यातला जुना रिवाज होता. पहिली मन राखायला, दुसरी खेळायला.

"त्याला सांगितलंय का?" मॉरिसने विचारलं.

"काय?"

"अडतीसचं."

कोच हसला. माणूस गोडबोल्या. पोरांच्या आयांना मिठी मारणारा, कुत्र्यांचीसुद्धा नावं लक्षात ठेवणारा. गोगलगाय आणि पोटात पाय. "मॉरिस, तीन वाजता तो आपल्या टीमच्या कागदांवर सही करेल. एकदा सही झाली की मुलं ऐकतात. तू शिव. कुणाला कुठे खेळवायचं ते मी बघतो."

तो जिना चढून गेला. मॉरिसने बिस्किटांचा डबा धाडकन बंद केला. एकवीस वर्षं तो मूग गिळून बसला होता आणि आता त्या मुगांना मोड यायची वेळ आली होती.

कॅनडातल्या लंडनपासून गाडीने पाऊण तासावर असलेल्या या लहानशा विद्यापीठात मॉरिस इक्विपमेंट रूम सांभाळत असे. बेसमेंटमधली लांबलचक खोली, चार वॉशिंग मशीन, तीन ड्रायर, छतापर्यंत हेल्मेटं आणि सतत ओल्या मोज्यांचा वास. इथला फुटबॉल म्हणजे वसईच्या मैदानावरचा नव्हे. हा लंबुळक्या चेंडूचा, डोक्याला हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. यात क्वार्टरबॅक हा नवरदेव. चेंडू त्याच्या हातात, कॅमेरा त्याच्यावर, आणि पाठीवरचा नंबर एकोणीसच्या आतला. डिफेन्सिव्ह बॅकने मात्र धावत येणाऱ्या माणसावर नजर रोखून उलट्या पावली पळायचं आणि त्याच्या हाती चेंडू पडू द्यायचा नाही. त्याचा नंबर विसाच्या पुढचा. त्यामुळे कुठला पोरगा कुठे खेळणार हे त्या पोराच्या आधी, त्याच्या आईबापांच्या आधी, मॉरिसला कळायचं.

गेल्या वर्षी विंडसरचा एक पोरगा असाच आला होता. फोटोला सात नंबर, ऑगस्टमध्ये पंचेचाळीस. जर्सी हातात घेऊन तो वॉशरूममध्ये गेला आणि अर्धा तास बाहेर आला नाही. मॉरिस दाराबाहेर टॉवेलांची चळत घेऊन उभा राहिला होता. आत जाऊन काय सांगायचं? शिवले तर त्यानेच होते ना दोन्ही.

खरं तर मॉरिस शिंपी नव्हताच. वसईत तो पीटीचा मास्तर होता. नऊ वर्षं शाळेची फुटबॉल टीम त्याने घडवली. कुठला पोरगा गोलात उभा करायचा, कुठला पुढे सोडायचा, हे तो पोरांच्या पायांवरून ओळखायचा. कॅनडात आल्यावर इथे मदतनीस कोचची जागा निघाली तेव्हा त्याने अर्ज केला. मुलाखत घेणाऱ्याने त्याच्या कागदांवर नजरही टाकली नाही. घरचे काय काम करायचे, असं त्याने सहज विचारलं. वडील शिंपी होते, मॉरिस म्हणाला. झालं! त्या माणसाचा चेहरा उजळला. तुला शिवता येतं? मॉरिस हो म्हणाला. आयुष्यात एवढा महाग पडलेला 'हो' त्याने दुसरा उच्चारला नव्हता. त्या दिवशी त्याला जो नंबर मिळाला तो आजतागायत पाठीवर होता.

पेन्शनला एकोणीस महिने उरले होते. बायको सेलेस्टीन लंडनच्या हॉस्पिटलात नर्स होती. रोज डबा भरताना ती बजावायची, "तोंड मिटून ठेव, मॉरिस. एवढी वर्षं ठेवलंस, आता थोडक्यासाठी उघडू नकोस."

अकरा वाजता त्या नऊ नंबरवाल्या पोराची मंडळी खाली आली. मिसिसागाहून पहाटेच निघाली होती. शशिकांत विमानतळाजवळच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघायचा. त्याच्या हातात फोन, व्हिडिओ चालू. मागे त्याची बायको ऊर्मी, बर्फाचे बूट हातात घेऊन, कारण फरशी पुसलेली दिसत होती. आणि त्यांचा मुलगा पृथ्वीराज, सतरा वर्षांचा, दारात मान वाकवावी लागेल एवढा उंच.

"या, बसा. बूट राहू द्या पायात, रोजच चिखल असतो इथे," मॉरिस म्हणाला.

"अरे बाप्पा! मराठी?" शशिकांतने फोन खाली केला. "दारावर मॉरिस नाव पाहून मला वाटलं इथलेच असाल. आम्ही नागपूरचे. तुम्ही मराठी कसे काय जी?"

"जन्मल्यापासून," मॉरिस म्हणाला. नाव वाचून माणसाची जागा ठरवणारे आपल्यातही कमी नव्हते. पण शशिकांतला तो टोमणा कळलाच नाही, इतका तो खुशीत होता.

पृथ्वीराजने नऊ नंबर अंगावर चढवला. आरशात पाठ वळवून, मान मुरडून तो स्वतःचा नंबर बघत राहिला. मॉरिसने खांद्याला टाचण्या लावल्या. पोरगा आनंदाने अक्षरशः थरथरत होता.

"लहानपणापासून नऊच पाहिजे होता त्याला," शशिकांत म्हणाला. "मॉन्ट्रियलच्या विद्यापीठवालेही मागे लागले होते. पण ते म्हणे, क्वार्टरबॅक नाही, डिफेन्स खेळ. तोंडावर सांगून राहिले! मी म्हटलं, आमच्या पोट्ट्याची काही किंमत आहे का नाही? त्यांना आज रात्रीपर्यंत कळवायचं आहे. इथे सही झाली का त्यांना नाही म्हणून टाकतो."

"तिथे फ्रेंचचीही पंचाईत," ऊर्मी हळूच म्हणाली.

मॉरिसच्या हातातली टाचणी थांबली. मॉन्ट्रियलवाल्यांनी खरं सांगितलं म्हणून ते वाईट ठरले होते! आणि वर बसलेला तो बिस्कीटखाऊ देवमाणूस. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते ते त्याला त्या क्षणी पायरी-पायरीने कळलं.

शशिकांत जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आपला माणूस म्हणून विचारतो, मॉरिसभाऊ. कोच शब्दाचे पक्के आहेत ना?"

"त्यांनाच विचारा."

"त्यांना तर विचारलंच. तुम्ही सांगा ना."

मॉरिसला सेलेस्टीनचा चेहरा आठवला. मग वॉशरूमचं बंद दार आठवलं. त्याने कपाट उघडलं, अडतीस नंबर बाहेर काढला आणि टेबलावर पाठ वर करून पसरला. आडनाव ठळक दिसत होतं.

ड्रायरमध्ये कुणाच्या तरी पँटची चेन खडखडत फिरत होती.

"हे काय?" शशिकांतने विचारलं.

"ऑगस्टची जर्सी. अडतीस म्हणजे डिफेन्सिव्ह बॅक. अंगावरची आहे ती फोटोपुरती."

"दॅट्स अ मिस्टेक," पृथ्वीराज म्हणाला.

"मिस्टेक नाही. एकवीस वर्षं मी हेच शिवतोय."

खरं सांगणाऱ्याची पाठ कुणी थोपटेल अशी मॉरिसची अपेक्षा नव्हती. पण शशिकांत त्याच्यावरच उलटेल असंही त्याला वाटलं नव्हतं.

"तुमचा काय संबंध जी?" शशिकांत लालबुंद झाला होता. "तुम्ही कपडे शिवता! परदेशात आपलं पोरगं वर जाऊन राहिलं का आपलाच माणूस पाय ओढतो. हेच पाहत आलो आहे मी!"

"डॅड, ही'ज द लाँड्री गाय," पोरगा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "व्हॉट डज ही नो?"

"काय माहीत आहे मला?" मॉरिस ओरडला. एकवीस वर्षांत या खोलीत तो कधी ओरडला नव्हता. "तुझे सगळे व्हिडिओ बघितलेत मी इथे, टॉवेलच्या घड्या घालताना! चाळीस यार्डांच्या पुढे तुझा चेंडू हवेत लटकतो. खांदा लवकर उघडतोस तू. हायस्कूलमध्ये चालून गेलं, इथे दुसऱ्याच मॅचला तुला बाकावर बसवतील. पण बर्लिंग्टनच्या मॅचमध्ये तुमचा एक पोरगा जखमी झाला आणि शेवटची दहा मिनिटं तुला मागे डिफेन्सला उभा केला. आठवतं? त्या दहा मिनिटांत तू उलटा जसा पळालास तसे पाय मी इथे दोनदा पाहिले असतील. कोच चूक नाही. तू डिफेन्सचाच आहेस! पण हे तुला तोंडावर सांगायची त्याच्यात धमक नाही, आणि तुझ्या बापाच्यात ऐकायची नाही."

बोलून झाल्यावर त्याला धाप लागली. हे सगळं त्याच्या पोटात कुठे साठलं होतं कोण जाणे.

शशिकांत मुलाला दंडाला धरून जिन्याकडे निघाला. "चल वर. मी कोचलाच विचारतो याच्याबद्दल."

ऊर्मी मागे राहिली. तिने अडतीस नंबरवरून बोट फिरवलं, शिवण बारकाईने पाहिली. "हे कधी शिवलं तुम्ही?"

"सोमवारी. सकाळी यादी आली, दुपारच्या आत दोन्ही झाल्या."

"सोमवारी," ती म्हणाली. "सोमवारी रात्री कोच आमच्याकडे जेवायला होते. मी वडाभात केला होता. दोनदा घेतला त्यांनी. हात धुऊन पृथ्वीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, नऊ नंबर तुझी वाट बघतोय."

ती रडेल असं मॉरिसला वाटलं. पण तिने जर्सीची नीट घडी घातली, ती काखेत मारली, बूट पायात चढवले आणि चिखल झाडायच्या भानगडीत न पडता जिना चढली.

वरचे शब्द कळत नव्हते, पण छत पातळ होतं, आवाज खाली येत होते. आधी शशिकांतचा आवाज. मग कोचचा, मऊ, लोण्यासारखा. मग बराच वेळ ऊर्मीचा, आणि तो मऊ नव्हता. त्यानंतर खुर्ची सरकली आणि दार आपटलं.

कोच ड्वेन खाली आला तेव्हा त्याचं हसू गेलेलं होतं. हसू नसताना तो बराच म्हातारा दिसत होता.

"तुला कल्पना आहे का तू काय केलंस?"

"आहे."

"त्या मुलाचं भलंच करत होतो मी."

"मग खरं सांगून करायचं होतंस!" मॉरिस म्हणाला. "त्यांच्या घरी जेवलास तू. पोटभर जेवून खोटं बोललास. आमच्यात खाल्ल्या मिठाला जागतात."

कोचला मिठाचं काही कळलं नाही. "येत्या सोमवारी एचआरमध्ये ये. चाव्या आजच पाच वाजता टायलरकडे दे," एवढं बोलून तो गेला. बिस्कीट घेतलं नाही.

मॉरिस खुर्चीत बसला. त्याने फोन काढला, सेलेस्टीनचं नाव शोधलं आणि फोन परत खिशात टाकला. मग सवयीने ड्रायर रिकामा करायला लागला. उद्यापासून कुणाचेही असोत, मोजे आज ओले होते.

जिन्यावर पावलं वाजली. पृथ्वीराज एकटाच होता. नऊ नंबर अंगावरून उतरला होता, अडतीस हातात होता.

"डॅड गाडीत बसलेत," तो इंग्रजीत म्हणाला. "मॉन्ट्रियलशी फोनवर बोलतायत. मी इथे सही करत नाही."

"बरं केलंस."

पोरगा पायाने फरशी घासत राहिला. डोळे सुजलेले होते. "माझा हात खरंच एवढा वाईट आहे?"

खोटं बोलायची ही शेवटची सोपी संधी होती. "वाईट नाही," मॉरिस म्हणाला. "पण पुरेसा नाही."

पोरगा भिंतीकडे वळला आणि त्याने हेल्मेटांच्या फळीला एक लाथ घातली. दोन हेल्मेटं गडगडत खाली आली. लाथ योग्यच होती, मॉरिसला स्वतःलाही ती कैक वर्षांपासून मारायची होती. पृथ्वीराजने हेल्मेटं उचलून जागेवर ठेवली, डोळे मनगटाने पुसले आणि अडतीस नंबर डोक्यातून अंगात घातला.

"देन शो मी," तो म्हणाला. "माझ्या पायांत काय पाहिलंत ते."

मॉरिसने मापाची फीत गळ्यातून काढून ठेवली. वॉशिंग मशीनच्या बाजूने खोलीच्या टोकापर्यंत पंचवीस पावलांची मोकळी वाट होती. त्याने पोराला मध्ये उभं केलं, गुडघे किती वाकवायचे ते खांद्यावर हात दाबून दाखवलं आणि स्वतः समोर दहा पावलांवर जाऊन उभा राहिला.

"टाच टेकवू नकोस. नजर माझ्या कमरेवर. खांदे फसवतात, कंबर फसवत नाही. मी ज्या बाजूला वळेन तिकडे, पण माझ्या आधी नाही. चल!"

एकसष्ट वर्षांचा मॉरिस धावत सुटला. पोरगा उलट्या पावली मागे गेला, हलका, आवाज न करता. मॉरिस डावीकडे वळला, तो वळला. मॉरिसने फसवायला उजवा खांदा टाकला, पोरगा फसला नाही.

"उजवा पाय आत ठेव! परत!"

पाच वाजायला अजून वेळ होता, तरी टायलर दारात येऊन उभा होता. कोचच्या ऑफिसातला हा माणूस, चाव्या मागायला आलेला, आणि ते कसं मागावं हे त्याला सुचत नव्हतं. त्याने खाकरून पाहिलं.

मॉरिसने मागे वळून न बघता एक हात वर केला, मैदानाच्या कडेच्या माणसाला थांबवावं तसा. कमरेचा चाव्यांचा जुडगा वाजत होता. मशीनच्या टोकापाशी पोरगा गुडघे वाकवून तयार होता.

"अगेन?" त्याने विचारलं.

"अगेन," मॉरिस म्हणाला आणि धावला.