चाळीस माणसांचं लेणं

जामनेरपलीकडच्या डोंगरात चित्रांचं लेणं होतं. तिथं एका वेळी चाळीसच माणसं सोडायची. जास्त झाली की श्वासाच्या ओलीनं भिंतीवरचा रंग सुटायचा. बारा वर्षं लोटन पहारेकरी तोंडानं मोजत आला. सत्त्याण्णव साली दोन्ही दारांना यंत्रं बसली. मधल्या दारानं आत, बाजूच्यानं बाहेर. गुडघ्याएवढ्या उंचीवरचा किरण तुटला की आकडा हलायचा आणि संध्याकाळी कॉम्प्युटर त्याचा कागद काढायचा.

पहिल्याच रविवारी कागदावर एका वेळी आत एकशे दहा माणसं निघाली. खात्याच्या साहेबांची लोटनला चिठ्ठी आली : पुढच्या सोमवारी येतो, खुलासा द्या, नाहीतर दारावरून हटवू.

यंत्र सांभाळायला जळगावहून तोताराम आला होता. लोटनला त्याचाच संशय.

"तुझा कोणी पाहुणा लावायचा आहे का माझ्या जागी?"

"माझा पाहुणा इथं माकडं हाकायला येईल का, नाना? यंत्र खोटं बोलत नाही. स्वतः चालून बघा."

लोटन पाच वेळा आत-बाहेर करून आला. दर वेळी आकडा एकानंच हलला. म्हणजे हा कागदातच काहीतरी करतो, असं त्यानं मनाशी धरलं.

शनिवारी तो आकड्यावर डोळा ठेवून बसला. मुंबईची मंडळी आत गेली, आकडा बरोबर. मग धरणगावकडच्या धुरपदाबाई आल्या. खाली वाकून त्यांनी उंबऱ्याला हात लावला, डोकं टेकलं आणि आत गेल्या. आकडा तीननं वाढला. मागच्या बायकांचंही तेच.

"अक्का, नुसतं चालून जा ना."

"मझार देव शे, भाऊ," त्यांनी आत बोट दाखवलं. "तसाच पाय ठेवू का?"

सोमवारी लेणं बंद. साहेबांनी लोटनचं सगळं ऐकलं आणि तोतारामकडे पाहिलं. "दोघांनी मिळून रचलंय का हे? करून दाखवा."

दाखवायला दुसरं कोणी नव्हतं. त्याची बायको शेवंताबाई गेल्यापासून आठ महिने लोटन कुठल्याच देवापुढे वाकला नव्हता. आपण चाललो तेव्हा आकडा बरोबर का आला, हे त्याला आत्ता उमगलं.  मग तो वाकला. हात लावला, डोकं टेकलं.

"दोन," तोताराम म्हणाला. "अजून आत पाऊलही टाकलं नाही."

"पुन्हा."

लोटन पुन्हा वाकला.

"चार."

साहेबांनी आकडा स्वतः पाहिला. "किरण छातीएवढा वर घ्या," ते तोतारामला म्हणाले. "पहारेकरी राहू द्या."

लोटन अजून उंबऱ्याशीच होता.

"नाना, उठा. झालं."

"हो," लोटन म्हणाला. पण उठला नाही.