आईचा फोन, लेकाचं कुलूप

सुंदरबाईंनी नवा फोन ओट्यावर असा आदळला की दीपकच्या बशीतला चहा सांडला.

"घे तुझा. माले नको."

"आई, केवढ्याचा आहे माहीत आहे का?"

"म्हणूनच एवढा ताठ शे का तो?"

महिन्याभरापूर्वी पितांबरनानांच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली होती. भाऊबंदांची पत्रिका उघडायची नाही म्हणजे दारात आलेल्या अक्षता परत पाठवायच्या. सुंदरबाईंनी ती लगेच उघडली. फोनने काहीबाही विचारलं, त्या होय होय दाबत गेल्या. पत्रिका नव्हतीच ती. चोरांनी नानांचा फोन काबीज करून पाठवलेली फाईल होती. घटकाभरात तीच पत्रिका सुंदरबाईंच्या नावाने नरडाण्यापासून धुळ्यापर्यंत सगळ्या सोयऱ्यांत पोचली. गिरणीवर बायका हसल्या, "सुंदरअक्का, कोणाचं लगीन लावलं वो?"

दीपक पुण्याहून धावत आला तो हा फोन घेऊनच. यात फोन कंपनीच्या ॲपच्या दुकानाबाहेरचं काही शिरत नाही, आणि दुकानातलं घ्यायचं तर पासवर्ड दीपकपाशी. जुन्या फोनातलं सगळं त्याने पुसून टाकलं आणि तो कपाटात ठेवला. ओशाळलेल्या सुंदरबाईंनी तेव्हा नवा फोन घेतला.

पण विहीर नाल्यापलीकडे. तिथला मोबाईल स्टार्टर धुळ्याच्या कुंदनने बसवलेला, त्याचं ॲपही त्यानेच बनवलेलं. फाईल तो गिऱ्हाइकांना स्वतः पाठवायचा. लाईट आली की घरात बसून बटण दाबायचं, मोटार सुरू. नव्या फोनने ती फाईल आत घेतलीच नाही. भर मे महिन्यात सुंदरबाई उन्हात विहिरीवर जायच्या, पोचेपर्यंत लाईट गेलेली असायची. पपईच्या पानांनी माना टाकल्या, फळं उन्हाने भाजून पिवळी पडली. शेवटी त्यांनी दीपकला बोलावून घेतलं.

"कुंदनला सांग, ॲप कंपनीच्या दुकानात ठेव," दीपक म्हणाला.

"सांगितलं. तो म्हणे, मावशी, त्यांच्या दारात उभं राहायचे दरसाल पैसे पडतात, वर ते पास करतील तेव्हा. तोवर पपईनं काय करावं?"

"आणि जुना फोन काढला, त्यात परत चोर शिरले तर? तुला कळत नाही ना, म्हणून—"

"कळत नाही?" सुंदरबाई उठून उभ्या राहिल्या. "तुझा बाप गेला तवापासून वावर कोन पाहस? पेरू काय, विकू कोणाला, कधी विचारलं तुले? आता मना फोनमध्ये काय ठेवायचं ते पुण्याला विचारू?"

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना?"

"भलं करायचं तर चोर कसा ओळखायचा ते शिकवायचं होतं. तू दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून निघून गेला. चोराने एकदा फसवलं. तू रोज अडवतोस."

दीपकचा चेहरा लाल झाला. "ठीक. जुना वापर. पण मग तुझा नंबर मी घरच्या ग्रुपवर ठेवणार नाही. विधीचे फोटो, आमचं सगळं तिथे असतं. तुझ्यामुळे आमच्या फोनात घाण नको."

विधी त्याची लेक, दीड वर्षाची. रोज सकाळी तिचा फोटो पाहिल्याशिवाय सुंदरबाई चुलीपाशी जात नसत. दीपक वाट पाहत राहिला, आई नमेल म्हणून.

त्यांनी कानातल्या बाळीच्या तारेने नव्या फोनचं सिमकार्ड बाहेर काढलं, कपाटातून काढून सकाळीच चार्ज केलेल्या जुन्या फोनात घातलं, व्हॉट्सॲप सुरू केलं आणि कुंदनला फोन लावला. "फाईल पाठव. आणि फोनवरच थांब. ती काय काय विचारते ते एकेक वाचते, कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही ते सांग."

अडखळत, अक्षर लावत त्या वाचत गेल्या. मधेच स्क्रीनच्या वरच्या कडेला एक ओळ आली: दीपकने तुम्हाला ग्रुपमधून काढले.

तीही त्यांनी मोठ्याने वाचली, समोर बसलेल्या दीपककडे बघत.

"पुढे काय लिहिलंय मावशी?" कुंदनने विचारलं.

सुंदरबाईंनी दीपककडे पाठ केली आणि पुढची ओळ वाचायला घेतली.