घरातलीच सून

"जुळी हायेत, जुळी!" विजयमालाच्या पोटावर हात ठेवून केशरबाई साऱ्या आळीला सांगत होती. तिसरा महिना सरला नव्हता आणि पोट मात्र पाचव्याचं दिसत होतं.

थोरली सून चांगुणा त्या पोटाकडे बघून पुन्हा पुन्हा महिने मोजत होती. तिचंही प्रत्येक वेळी असंच झालं होतं. भराभर वाढणारं पोट, न थांबणाऱ्या उलट्या, मग रक्त आणि त्यात द्राक्षांसारखे फोड. मूल नाहीच. तिसऱ्या वेळी केशरबाईनं, म्हणजे सासू झालेल्या सख्ख्या आत्यानंच, तिला माहेरी धाडायचं बोलून दाखवलं. तेव्हा परकी सवत नको म्हणून चांगुणानंच धाकट्या बहिणीचं नाव सुचवलं होतं. विजयमाला येईना, तर माहेरी पारनेरला जाऊन तिची समजूतही हिनंच घातली होती. केवढी हुशारी!

आठवड्यात विजयमालाला नगरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. गर्भपिशवी रिकामी करून डॉक्टरीणबाई व्हरांड्यात आल्या.

"हिलाही द्राक्षगर्भच. सख्ख्या बहिणी ना तुम्ही? आईवडिलांचं लग्न नात्यातलं?"

"व्हय. आई म्हंजी दादांच्या, आमच्या वडलांच्या मामाची लेक," चांगुणा म्हणाली.

"मग रक्तातूनच आलं असेल. आणखी बहीण आहे?"

"हाय की! मनकर्णा," केशरबाई मध्येच बोलली. "तिलाबी असंच हुईल का?"

"नक्की सांगता येणार नाही. भीती आहे."

बाई आत गेल्या. भीती त्यांच्याबरोबरच गेली असावी, कारण केशरबाईचा चेहरा उजळला.

"बन्सी, नक्की न्हाई म्हनल्या. दादाला मनकर्णेचं इचारून बघते. आपली ती आपलीच."

केशरबाईचा लेक आणि दोघींचा नवरा बन्सी चपलेचा अंगठा ओढून बसवू लागला.

"आत्या, मनकर्णा न्हाई," चांगुणा म्हणाली. आजवर ती कधी उलटून बोलली नव्हती. "परक्या घरची आना. मीच ववाळून घरात घेते."

"अन् तुमा दोघींना पोसायचं कुनी?"

"दुष्काळी कामावर खडी फोडू अन् खाऊ. पर मनकर्णेला इचारायला गेलात, तर तुमच्या आधी मी जाऊन दादांना समदं सांगंन."

केशरबाई पदर झटकून स्टँडकडे चालू लागली. बन्सीही उठला. चार पावलं गेला आणि परत आला. चांगुणाला वाटलं, आता तरी हा विजीला बघून येतो म्हणेल. आत ती शुद्धीवर येत होती, कण्हत होती.

"भाकरी हायेत का गं?" त्यानं विचारलं. "गाडीला अजून येळ हाय."

चांगुणानं फडकं सोडलं आणि होत्या तेवढ्या सगळ्या भाकरी त्याच्या हातावर ठेवल्या आणि ती विजीकडे आत गेली.