नसलं तर

काळ्या लोकरीचा गोंडा, बोटाच्या पेराएवढा… पेन शोधताना म्हाळसाचं बोट पर्समध्ये त्या गोंड्यावर थांबलं, आणि डोळ्यांनी बघायच्या आधीच हाताला कळलं, की हे काय आहे आणि ते इथं असायला नको होतं. किल्ली. सुप्याच्या दूध केंद्रातल्या जनरेटरच्या खोलीची, एकुलती एक. हरवू नये म्हणून केंद्र सांभाळणाऱ्या रंगूबाईंनी स्वतःच्या हातानं तिला तो गोंडा बांधला होता. काल जनरेटरवरचा नंबर टिपून घ्यायला म्हाळसा त्या खोलीत गेली होती, बाहेर पडताना एका हातात मोबाईल, एका हातात कुलूप… आणि आता ती इंदापूरच्या ऑफिसात, सुप्यापासून पावणेदोन तासांवर, आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ. गुरुवार. सुप्याची वीज नऊलाच गेलेली असणार.

फोन उचलायचा नाही, ही आजची अट होती. दूध संघाचे चेअरमन आबासाहेब सोमवारी सगळ्यांसमोर म्हणाले होते, ‘‘म्हाळसा, गुरवारी सुप्याची लाईट जातीयाच. तू इंदापुरात बसायचं. तुझा फोन न्हाय, गेणूतात्याचा न्हाय. तुझ्या त्या तक्त्यावर दूध वाचलं, तर चौदाच्या चौदा केंद्रांना तक्ता. न्हाय वाचलं, तर आपलं रजिस्टर काय वाईट हाय?’’ कुणीतरी हसलं होतं. म्हाळसाही हसली होती, कारण तिला खात्री होती. गर्वच म्हणा ना. दोन वर्षं घालवून जी वस्तू आपण उभी केली तिचा गर्व नाही वाटायचा, तर कशाचा वाटायचा?

दोन वर्षांपूर्वी याच सुप्यात तीन हजार लिटर दूध ओढ्यात सोडावं लागलं होतं. तोवर संघाचा सगळा कारभार गेणूतात्यांच्या डोक्यात. कुठला टँकर कुठं, कुणाची टाकी कधी रिकामी, कुठला ड्रायव्हर गुरुवारी उपास करतो म्हणून त्याला लवकर सोडायचं… तात्या म्हणजे चालतंबोलतं ऑफिस. त्या दिवशी तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, फोन बंद. सुप्याच्या रजिस्टरात अडीअडचणीला ‘मोठा जनरेटर’ लिहिलेला, पिंपळीच्या रजिस्टरात ‘संघाचा जुना जनरेटर’. दोन्ही केंद्रं निर्धास्त. आणि मशीन एकच! ते त्या दिवशी पिंपळीत होतं. ओढा पांढरा झाला, आणि बाया रिकाम्या किटल्या घेऊन काठावर उभ्या राहिल्या. म्हाळसाला त्या किटल्या अजून दिसतात.

मग तिनं यादी करायला घेतली, आणि आठवड्याभरात फाडून टाकली. चौदा केंद्रं, नऊ टँकर, सहा जनरेटर — नुसती मोजदाद. त्या दिवशीही मोजदाद बरोबरच होती की! तेव्हा तिला आबा आठवले. तिचे वडील, रावजी, सुप्याच्या माळावर मेंढरं राखायचे, ती दहा वर्षांची होईपर्यंत. संध्याकाळी वाघरीत, जाळ्याच्या कुंपणात, मेंढरं आली, की ते कोकरं सोडायचे आणि जे ते आपापल्या आईला लुचायला लागलं, की नुसते बघत राहायचे. ‘‘आबा, तुमी मोजत का न्हाय?’’ तिनं विचारलं होतं. ‘‘मोजून काय कळतंय, बाय? किती गेली ती कळंल. कोण गेलं, ती न्हाय कळायचं. आन् जी एकलीच वरडत उभी ऱ्हाती ना, तिचं गेलंय.’’

म्हणून कॉम्प्युटरवरच्या, सगळ्या केंद्रांच्या मोबाईलवरही उघडणाऱ्या त्या तक्त्यात मोजदाद नाही, नाती आहेत. प्रत्येक वस्तूला एकच नाव, एकच नंबर. ती कुणावाचून अडते, तिच्यावाचून कोण अडतं. आणि शेवटचा रकाना — ‘नसलं तर’. तात्यांजवळ बसून बसून तिनं तो रकाना भरला. आधी तात्या चिडले होते, ‘‘माजं डोस्कं काढून मशीनीत घालतीस व्हय?’’ आणि मग दर रविवारी स्वतःच हाक मारायला लागले, ‘‘अगं, ती ऱ्हायलंच की! टँकर रस्त्याच्या खालच्या अंगाला लावायचा. दूध आपसूक उतरतंय, मोटार लागत न्हाय.’’ तेही तिनं लिहिलं. माणसं लिहिली, किल्ल्या लिहिल्या… ‘जनरेटर खोलीची किल्ली — रंगूबाईंकडे’.

आणि ती किल्ली हिच्या मुठीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या संघात कोण कुणावाचून अडतं ते शोधत फिरले, आणि मी? मी कुठल्या ओळीत होते?

दोन हजार दोनशे लिटर. धारेचं कोमट दूध, अकरापर्यंत गार झालं नाही तर गेलंच. म्हाळसानं आबासाहेबांची अट बाजूला ठेवली आणि रंगूबाईंना फोन लावला. कट. पुन्हा लावला. पुन्हा कट. रंगूबाई शिस्तीच्या! मग तिनं मेसेज लिहायला घेतला : ‘किल्ली माझ्याकडे आहे, कुलूप तोडा’. पाठवायच्या खुणेवर अंगठा नेला… हा मेसेज गेला, तर दूध वाचेल आणि तक्ता मरेल. नाही गेला, तर… ती स्वतःवरच संतापली. बायांच्या दुधावर परीक्षा घेणारी मी कोण? पण समोर कॉम्प्युटरवर तक्ता उघडा होता, आणि त्यात काहीतरी हललं.

एक हिरवी रेघ. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सुपे केंद्र’. कुणीतरी तिकडून तक्ता उघडला होता. रेघ जनरेटरच्या ओळीवर आली, तिथून किल्लीच्या ओळीवर, आणि थांबली. किती वेळ! म्हाळसाला रंगूबाई दिसल्या — पंचेचाळिशी गाठल्यावर मोबाईल शिकलेल्या, एका बोटानं अक्षर शोधणाऱ्या, कनवट चाचपणाऱ्या, किल्लीच्या रिकाम्या खिळ्याकडे बघणाऱ्या. किल्लीपुढं लाल खूण पडली : ‘नाही’. आता त्या फोन करतील. तात्यांना, मला, कुणालातरी… आजवर संघात हेच झालेलं.

रेघ उजवीकडे सरकली. ‘नसलं तर’. तिथून उडी मारून टँकर पाचवर. खूण, हिरवी. पिंपळीच्या टाकीवर — साडेनऊला रिकामी होते, विजेची लाईन वेगळी. हिरवी. ‘रस्त्याच्या खालच्या अंगाला’. हिरवी. एकामागून एक, न अडखळता, जशी कोकरं आपापल्या आईपाशी जावीत तशी ती खूण जात होती. दहा वाजून चाळीसला पिंपळीच्या ओळीत आकडा उमटला : सुप्याचं दूध चार अंश.

जमलं. माझ्यावाचून जमलं. माझ्या चुकीला वळसा घालून जमलं! तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आणि ऑफिसात ऐकायला कुणी नव्हतं. आबासाहेबांचा फोन नव्हता, तात्यांचा नव्हता. फोनवर तो मेसेज तसाच, न पाठवलेला. पाठवायचा तर आता कशाला, आणि पुसायचा म्हटलं तर हात धजेना, कारण चूक तर झालीच होती आणि ती आबासाहेबांना सांगायलाच हवी होती. सांगितल्यावर ते तक्ता ठेवतील की त्यावरच बोट ठेवतील, कुणी सांगावं.

तेवढ्यात हिरवी रेघ पुन्हा हलली. तक्त्याच्या अगदी तळाला, जिथं काहीच नव्हतं, तिथं नवी ओळ उघडली आणि एकेक अक्षर येऊ लागलं, थांबत थांबत. नावाच्या रकान्यात : ‘म्हाळसाताई’. कुणाकडे काय : ‘किल्ली तिच्याकडं गेली असंल, काल आलीवती’. आणि मग बराच वेळ काही नाही. म्हाळसा शेवटच्या रकान्याकडे बघत राहिली, लहानपणी वाघरीपाशी बघायची तशी.

‘नसलं तर — काम थांबत न्हाय. पन सांजंला येऊन चा पिऊन जावं.’

छातीत एक कळ आली, बारीकशी, खरीखुरी, आणि तिच्या पाठोपाठ इतका अभिमान भरून आला की दोन्ही वेगळे करता येईनात. आपल्याला त्या ओळींत जागा मिळाली होती, बाकी सगळ्यांसारखीच, एक नाव आणि एक नंबर. किल्ली मुठीत गरम झाली होती. म्हाळसानं मूठ उघडली नाही. ती नुसती बसून राहिली, आणि कितीतरी दिवसांनी तिला कशाचीच मोजदाद करावीशी वाटली नाही.