शेंडेनक्षत्राचा फोटो

"मग मला रात्री कुशीवर कोण वळवणार?" पडद्यामागच्या खाटेवरून तात्यांनी विचारलं.

रामनाथ कॅमेऱ्याचा स्टँड पिशवीत बांधत होता. त्याची बायको मंदाच मध्ये पडली. म्हणाली, "मी आहे ना, मामंजी. एक रात्र तर आहे."

तात्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पालघरचा हा स्टुडिओ तात्यांनीच उभा केलेला. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली, तेव्हा रामनाथ मुंबईत एका नावाजलेल्या छायाचित्रकाराच्या हाताखाली शिकत होता. चार दिवस म्हणून आला तो इथंच राहिला. तेव्हापासून एकही रात्र त्यानं घराबाहेर काढली नव्हती. दिवसा तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर आलेल्या कामगारांचे पासासाठी फोटो काढायचे आणि रात्री तात्यांची कूस बदलायची.

१९६५ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. पहाटे आभाळात शेंडेनक्षत्र दिसू लागलं होतं. पालघरात घरांच्या आडून त्याचं नुसतं शेपूट दिसे. दारावर मासळी घेऊन येणारी रखमाबाई म्हणाली होती, आमच्या किनाऱ्यावरून अख्खं दिसतं, यायचं तर लवकर ये. तिची वस्ती वीजकेंद्राच्या जागेत जाणार होती.

संध्याकाळी बोईसरला उतरून, एसटीनं तारापूर गाठून, रामनाथ अंधार पडता पडता वस्तीवर पोचला. रखमाबाईनं जेवू घातलं, ओट्यावर चटई टाकून दिली. पण झोप कुठली लागायला? जरा डोळा लागतोय असं वाटलं की सवयीनं तो उठून बसे, हात पुढं करी, आणि मग आपण कुठं आहोत ते ध्यानात येई.

पहाटे ओहोटी होती. ओल्या वाळूतून तो बराच आत चालत गेला आणि समुद्राकडे पाठ करून त्यानं कॅमेरा लावला. समोर वस्तीची काळी छपरं, त्यांवर माड, आणि माडांच्या वर केरसुणी उलटी धरावी तसं शेंडेनक्षत्र. अपशकून म्हणून वस्तीतलं कुणी बाहेर आलं नव्हतं. रखमाबाईनं मात्र दारात कंदील टांगला होता.

रामनाथनं परत जाऊन तो काढायला सांगितलं. कंदिलाचा उजेड फोटोत डाग होऊन उतरेल, म्हणाला.

"उतरू दे," रखमाबाई म्हणाली. "अंधारात माजं घर कसं दिसंल? ते वरचं आज हाय, उद्या नाय. माजं पन तसंच हाय."

कंदील राहिला. रामनाथ पुन्हा पाण्याच्या कडेला गेला, श्वास रोखून त्यानं भिंगावरचं झाकण काढलं आणि नुसता उभा राहिला. मागं समुद्राची गाज होती. कुणी हाक मारत नव्हतं. इथून घरी न जाता सरळ मुंबईची गाडी पकडली तर, असं त्याच्या मनात आलं. झाकण लावायला त्याला जरा उशीरच झाला.

घरी पोचला तेव्हा मंदा दारातच उभी होती. तात्यांनी रात्रभर तिला हात लावू दिला नव्हता. एका कुशीवर तसेच पडून होते. कमरेखालची कातडी सोलवटून रक्त आलं होतं. रामनाथनं जखम धुतली, औषध लावलं. मगच फिल्म धुवायला अंधाऱ्या खोलीत गेला.

फोटो मनासारखा आला होता. त्यानं तो ओलाच तात्यांपुढं धरला. तात्या बराच वेळ बघत राहिले. कामातली त्यांची नजर अजून शाबूत होती.

"चांगला आलाय," ते म्हणाले. "झालं ना मनासारखं? आता परत जायला नको."

"नाही जाणार," रामनाथ म्हणाला.

पुढच्या बाजाराला रखमाबाई आली. पाटी उंबऱ्याबाहेर ठेवून तिनं फोटो दोन्ही हातांत घेतला. आपलं दार तिला लगेच सापडलं. मग ती काही तरी शोधत राहिली.

"तू कुटं हायेस यात?"

"मी कसा दिसेन, मावशी? काढणारा दिसत नाही."

तिला ते पटलं नसावं. नवी जागा मिळाली की तिकडंही ये, म्हणाली, आणि फोटो पदरात गुंडाळून निघाली. रामनाथनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिला कळलं नाही.

आत स्टुलावर बांधकामावरचा एक मजूर अंगाला न बसणारा स्टुडिओतला कोट घालून ताटकळत बसला होता. रामनाथनं काळं कापड डोक्यावर ओढलं.

"सामने देखो," तो आतून म्हणाला. "हिलना मत."